तारीख उलटते, आठवडा रविवारी उगवतो आणि तिथी सापडत नाही

प्रश्न सांगलीकडच्या एका लहान कारखान्याचे हिशेब सांभाळणाऱ्या ताईंचा आहे. तो थोडक्यात असा: नवा लॅपटॉप आलाय, विंडोज ११. तारखेत महिना आधी दाखवतो. सेटिंग बदललं, तरी काही ठिकाणी जुनंच दिसतं. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामाने तोडलेले) उघडली की निम्म्या तारखा नीट, निम्म्या उलट्या. जर्मन गिऱ्हाईक आठवड्याच्या नंबरावर माल मागतं, म्हणून कॅलेंडरचा आठवडा सोमवारी सुरू व्हायला हवा. आणि जमलं तर कोपऱ्यात तिथीही दिसावी. शेवटचं वाक्य वैतागाचं: "हे सगळं गुंडाळून लिनक्सवर जाऊ का?"

ताई, लिनक्सचं पुढे बघू. तिकडेही हेच भूत आहे, फक्त वेगळ्या झाडावर बसलंय. गेली वीस-बावीस वर्षं मी पुणे, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या लहान ऑफिसांचे संगणक बघतोय. प्रिंटर सोडला तर सगळ्यात जास्त फोन या एका विषयावर येतात. 'तारखेचं सेटिंग' म्हणून एकच बटण असतं अशी आपली समजूत असते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. संगणक तारखेशी तीन निरनिराळे व्यवहार करतो. एक, तारीख दाखवणं. दोन, आपण टाइप केलेली किंवा फाइलमधून आलेली तारीख वाचणं. तीन, ती साठवणं. दाखवण्यात चूक झाली तर डोळ्यांना त्रास होतो, वाचण्यात चूक झाली तर पैसे जातात. म्हणून आधी एक्सेलचं बोलू या, कोपऱ्यातलं घड्याळ नंतर.

एक्सेलच्या पोटात तारीख नसतेच, नुसता आकडा असतो. १९०० सालाच्या सुरुवातीपासून मोजलेले दिवस. १ जानेवारी २०२६ म्हणजे ४६०२३. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलाय. लोटस १-२-३ या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम ठेवली, आणि ती आजही तशीच आहे.) फाइलमधून "०३/०४/२०२६" असा मजकूर आला की एक्सेल विंडोजला विचारतं, या घरात आधी दिवस की आधी महिना? विंडोजचा रीजनल फॉरमॅट अमेरिकन असेल तर उत्तर येतं, आधी महिना. मग ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि त्याचा आकडा बनून आत जातो. पण "१७/०४/२०२६" आलं तर? सतरावा महिना नाही. एक्सेल ते तसंच मजकूर म्हणून सोडून देतं. ना बोंब, ना लाल रेघ.

आता रकान्याकडे नीट बघा. काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या दिसतील, काही डावीकडे. उजवीकडच्या आकडा झालेल्या, डावीकडच्या मजकूर राहिलेल्या. (रकान्याला कुणी मध्यभागी संरेखन दिलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर ही खूण दिसत नाही.) पाहणाऱ्याला वाटतं डावीकडच्या बिघडल्यात, उजवीकडच्या ठीक आहेत. खरं नेमकं उलट आहे. डावीकडच्या एक्सेलला कळल्याच नाहीत, म्हणून त्या शाबूत राहिल्या. उजवीकडच्या त्याला 'कळल्या', म्हणून त्या बिघडल्या. हिशेब मांडून बघा: वर्षात १४४ दिवस असे, की ज्यांत दिवसाचा आकडा बारा किंवा त्याच्या आतला. त्यांतले ५ मे, ६ जूनसारखे बारा दिवस उलटले काय आणि सुलटले काय, तेच राहतात. उरलेले १३२ दिवस गुपचूप बदलतात. म्हणजे वर्षातल्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त तारखा.

एका मालवाहतूकवाल्याकडे मी हे जिवंत पाहिलंय. गाड्यांच्या विम्याची मुदत संपण्याच्या तारखांची यादी होती. जुन्या संगणकावरून नव्या लॅपटॉपवर सीएसव्ही आणली, दोनदा टिचकी मारून उघडली, तारखेनुसार लावली आणि सेव्ह केली. ९ एप्रिलला संपणारा विमा यादीत ४ सप्टेंबरला गेला. ऑफिसातला मुलगा म्हणाला, याला अजून वेळ आहे. गाडी सहा-सात आठवडे बिनविम्याची धावली आणि रस्त्यावर तपासणीत सापडली. दंड भरला, सुदैवाने अपघात नव्हता. त्या मुलाला मालकाने फैलावर घेतलं, पण त्याने काय चूक केली? त्याने फाइल उघडली, एवढंच. चूक मीही केली होती. लॅपटॉप लावून दिला तो मी, आणि रीजन बघितलं नव्हतं. तेव्हापासून नव्या संगणकावर मी अँटिव्हायरसच्याही आधी रीजन बघतो.

दुरुस्ती करताना लोक हमखास एक चूक करतात. फाइल उघडलेली असतानाच विंडोजचं सेटिंग 'इंग्लिश इंडिया' करतात आणि वाट बघतात की सगळं सरळ होईल. होत नाही. ३ एप्रिलचा ४ मार्च होऊन आकडा बनून गेलेला असतो. सेटिंग बदललं की तो "०४-०३-२०२६" असा भारतीय थाटात दिसतो, पण असतो ४ मार्चच. म्हणजे चूक आणखी बेमालूम होते. मूळ सीएसव्ही शिल्लक असेल तर तिच्याकडे परत जा, आणि टिचकी मारून उघडू नका. कोरी एक्सेल फाइल घ्या, डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, पुढच्या खिडकीत ट्रान्सफॉर्म दाबा, आणि तारखेच्या रकान्याचा प्रकार बदलताना 'युझिंग लोकेल' (म्हणजे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचं ते) घेऊन इंग्लिश इंडिया द्या. मग विंडोजचा फॉरमॅट काहीही असो, वाचन बरोबर होतं. एक्सेल जुनं असेल तर रकाना मजकूर म्हणून आत घ्या आणि 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर डेट निवडून डीएमवाय सांगा. ते डीएमवाय म्हणजे 'मला असं दाखव' नव्हे. 'माझ्या फाइलमध्ये तारखा या क्रमाने आहेत' एवढंच आपण तिथे सांगत असतो. यात भलेभले फसतात.

मूळ फाइल उडाली असेल तर शेजारी नवा रकाना घ्या. जिथे मजकूर आहे तिथून दिवस, महिना, वर्ष कापून घ्या. जिथे आकडा आहे तिथे डेट फंक्शनला आधी वर्ष, मग महिन्याच्या जागी डे आणि दिवसाच्या जागी मंथ, असं मुद्दाम उलटं भरा. मात्र हे फक्त त्या एका आयातीत आलेल्या ओळींवर चालवा. नंतर कुणी हाताने दुरुस्त केलेल्या ओळी त्यात असतील तर त्या पुन्हा उलटतील. आणि त्या कोणत्या हे कुणालाच आठवत नसतं.

तुम्हाला एकट्यालाच हा त्रास आहे असं वाटत असेल तर सांगतो, जनुकशास्त्रज्ञांनी याच्यापुढे हात टेकले. माणसाच्या जनुकांची अधिकृत नावं ठरवणारी समिती आहे. सेप्ट १, मार्च १ अशी जनुकांची नावं एक्सेलमध्ये भरली की त्यांच्या तारखा व्हायच्या. २०२० मध्ये समितीने शेवटी जनुकांचीच नावं बदलली: सेप्टिन १, मार्चएफ १. एक्सेल बदलायला २०२३ उजाडलं. असं आपोआप रूपांतर बंद करायची सोय त्यानंतर आली.

आता 'सेटिंग बदललं तरी काही ठिकाणी जुनंच' याकडे. एकाच कपाटात बरेच खण आहेत आणि प्रत्येकाला वेगळी किल्ली. विंडोजची स्वतःची भाषा हा एक खण. रीजनल फॉरमॅट हा दुसरा; तारखा, आकडे, रुपयाचं चिन्ह यांचा खरा मालक हाच. देश हा तिसरा, आणि त्याचा तारखेशी जवळजवळ काही संबंध नाही. तो हवामान, दुकान असल्या गोष्टींसाठी. कीबोर्ड चौथा. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत) नसलेल्या जुन्या प्रोग्रामांसाठीची भाषा पाचवा. लोक तिसरा खण उघडतात, 'इंडिया' निवडतात आणि तारीख का बदलत नाही म्हणून मला फोन करतात.

विंडोज ११ च्या नव्या सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' खाली रीजनल फॉरमॅट आहे. तो 'रेकमेंडेड' वर ठेवू नका, कारण मग तो विंडोजच्या भाषेमागे फरफटत जातो. लॅपटॉपवर भाषा अमेरिकन इंग्लिश असली की तारीखही अमेरिकन. थेट 'इंग्लिश इंडिया' निवडा. मराठी निवडायचा मोह होईल. ऑफिसच्या संगणकावर तो आवरा. मराठी फॉरमॅटमध्ये महिन्यांची नावं मराठी होतात, आणि मग एखाद्या अहवालातून "०५-जाने-२०२६" असं बाहेर पडतं. ती फाइल दुसऱ्या प्रणालीत चढवायला गेलात की ती परत फेकली जाते. शिवाय जुन्या विंडोजवर वेळेपुढे 'म.पू.' आणि 'म.नं.' येत असे. मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हानंतर! चहाला या, म.नं. साडेचारला, असं म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. आपण सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री म्हणतो.

बारीक फेरफार करायचे तर जुन्या कंट्रोल पॅनेललाच शरण जावं लागतं. विंडोज आणि आर एकदम दाबा, 'आयएनटीएल', टिंब, 'सीपीएल' एवढं इंग्रजीत टाइप करा. जी खिडकी उघडते तिची 'अॅडिशनल सेटिंग्ज'. तिथे लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम, तारखेतलं विभाजक चिन्ह, दोन आकडी वर्षाचा अर्थ, सगळं सापडतं. महिन्यासाठी कॅपिटल एम लिहा, लहान एम म्हणजे मिनिटं. दोन आकडी वर्षाची चौकट जरूर बघा. "३२" म्हणजे १९३२ की २०३२ हे तिथे ठरतं, आणि मुदत ठेवींच्या यादीत हा फरक हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

एवढं करूनही 'काही ठिकाणी जुनंच' राहणार, कारण तुम्ही जे बदललंत ते तुमच्या वापरकर्ता खात्यापुरतं. पडद्यामागे सर्व्हिस म्हणून चालणारे प्रोग्राम तुमच्या खात्यात चालत नाहीत, ते सिस्टिमच्या खात्यात चालतात आणि तिथे विंडोजबरोबर मुळात आलेलं अमेरिकन सेटिंग तसंच असतं. रात्री आपोआप निघणारा अहवाल उलट्या तारखेचा आणि तोच अहवाल सकाळी हाताने काढला की सरळ, असं दिसलं तर डोळे झाकून इकडे बघा. त्याच खिडकीत 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅब, त्यात 'कॉपी सेटिंग्ज', आणि खालच्या दोन्ही चौकोनांत खूण: एक स्वागताच्या पडद्यासाठी आणि सिस्टिम खात्यांसाठी, दुसरी पुढे उघडल्या जाणाऱ्या खात्यांसाठी. मग संगणक बंद करून चालू करा. हिशेबाचं सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर चालत असेल तर तिथे सर्व्हरवरच्या खात्याचं सेटिंग चालतं, तुमच्या लॅपटॉपला तिथे कोण विचारतो.

ब्राउझर हा आणखी एक सवतासुभा. क्रोममध्ये फॉर्मवरची तारखेची चौकट महिना आधी मागत असेल तर क्रोमची स्वतःची भाषा अमेरिकन इंग्लिश आहे. ती इंडिया किंवा युनायटेड किंगडमची करा. फायरफॉक्समध्ये 'ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे तारखा दाखव' अशी खूण आहे. लिबरऑफिस (एक्सेल-वर्डसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर) मात्र मला यात शहाणं वाटतं. त्याच्या भाषेच्या पर्यायांत 'डेट अॅक्सेप्टन्स पॅटर्न्स' अशी चौकट आहे, कुठल्या क्रमाने टाइप केलेलं तारीख म्हणून स्वीकारायचं ते तिथे आपण लिहून द्यायचं. दाखवणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे इतक्या सरळपणे मान्य केलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलं नाही.

आता आठवडा. रविवारी का सुरू होतो? युनिकोड संस्था सीएलडीआर नावाचं एक भांडार सांभाळते. कुठल्या देशात तारीख कशी लिहितात, आकडे कसे तोडतात, आठवडा कधी सुरू होतो, याची ती नोंदवही. अॅपल, गूगल, आणि अलीकडची बरीचशी सॉफ्टवेअर तिच्यातूनच वाचतात. तिच्यात भारताचा आठवडा रविवारी सुरू होतो, आणि सुट्टीही एकट्या रविवारची, शनिवार कामाचा. आयटीतली मंडळी हे ऐकून उसासा टाकतील. याच नोंदवहीत मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत आणि हिंदीचे इंग्रजी वळणाचे. त्यामुळे एकाच वेबसाइटवर हिंदी निवडलं की 2026 आणि मराठी निवडलं की २०२६. दिसायला छान. पण तोच देवनागरी आकडा परत प्रोग्रामला दिला आणि करणाऱ्याने विचार केलेला नसला, की 'हा आकडाच नाही' म्हणून प्रोग्राम हटून बसतो.

नोंदवही अधूनमधून बदलते, आणि एखादं अपडेट झालं की 'आपण काही केलं नाही तरी बिघडलं' होतं त्याचं एक कारण हेही. ब्रिटिश इंग्लिशमध्ये सप्टेंबरचं लघुरूप तीन अक्षरी होतं ते चार अक्षरी झालं. २०२२ मध्ये इंग्रजी वेळेत एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा बदलून न तुटणारी अरुंद जागा आली. डोळ्यांना फरक शून्य, पण वेळ वाचणारे प्रोग्राम जागोजागी कोसळले.

तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाचा आठवडा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा. सोमवारी सुरू, आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. जर्मन मंडळी अशा आठवड्याला केडब्ल्यू म्हणतात. "केडब्ल्यू २७ ला माल हवा" असं पत्र येतं. एक्सेलचं साधं वीकनम फंक्शन मात्र १ जानेवारीला पहिला आठवडा धरतं आणि रविवारी आठवडा पालटतं. २०२६ मध्ये सोमवार ते शनिवार दोन्ही नंबर जुळतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. २०२७ ची १ जानेवारी शुक्रवारी आहे. आयएसओप्रमाणे तो दिवस २०२६ च्या त्रेपन्नाव्या आठवड्यात जातो, वीकनम म्हणतं पहिला. त्यानंतर वर्षभर तुमचा नंबर त्यांच्यापेक्षा एकाने पुढे, आणि रविवारी दोनने. माल आठवडाभर आधी पाठवून बसाल, नाहीतर आठवडाभर उशिरा. एक्सेल २०१३ पासून आयएसओवीकनम फंक्शन आहे, तेच वापरा. आउटलुकचं कॅलेंडर विंडोजचं ऐकत नाही, त्याच्या स्वतःच्या पर्यायांत आठवड्याचा पहिला दिवस सोमवार आणि वर्षाचा पहिला आठवडा 'फर्स्ट फोर-डे वीक' करा. त्याचा अर्थ पहिल्या गुरुवारचाच.

जर्मनीहून फाइल येते तेव्हा एक गंमत होते, तीही सांगून ठेवतो. एक्सेल फंक्शनांची नावं आपोआप आपल्या भाषेत करून देतं, पण अवतरणातला मजकूर तसाच ठेवतं. टेक्स्ट फंक्शनमध्ये वर्षासाठी त्यांच्याकडे चार वेळा 'जे' लिहितात, यार म्हणजे वर्ष त्यांच्या स्पेलिंगात 'जे'ने सुरू होतं म्हणून. तुमच्या संगणकावर वर्षाच्या जागी नुसते चार जे उभे राहतात. फाइल बिघडलेली नाही, ते चार जे काढून चार वाय घाला. त्यांच्या सीएसव्हीत रकान्यांमध्ये अर्धविराम आणि दशांशाला स्वल्पविराम येतो, त्यालाही वर सांगितलेलं 'युझिंग लोकेल'च औषध. फक्त लोकेल जर्मन द्यायचं.

मॅकबद्दल थोडक्यात. आठवड्याचा पहिला दिवस निवडायची सोय सरळ समोर आहे. तारखेचे तुकडे ओढून हवा तो क्रम लावायची सुंदर खिडकी मात्र २०२२ च्या व्हेंचुरा या आवृत्तीत काढून टाकली. आता ठरावीक यादीतून निवडा, नाहीतर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) आज्ञा द्या. त्याच सेटिंगमध्ये कॅलेंडरची पद्धत बदलायची यादी असते, तिला उगाच हात लावू नका. एका घरी मुलाने खेळताना बौद्ध पद्धत निवडली आणि आजोबांच्या मॅकवर २०२६ चं २५६९ झालं. आजोबांना वाटलं मशीनच गेलं.

लिनक्सवर पडद्याची मांडणी निरनिराळी मिळते; त्यातलं नोम वापरलंत तर आठवड्याचा पहिला दिवस बदलायला साधं बटणही मिळत नाही, तो देशाच्या फॉरमॅटबरोबर येतो. सोमवार हवा म्हणून पूर्ण ब्रिटिश फॉरमॅट घेतला तर लाख-कोटीचे स्वल्पविराम जातात. त्यावर उपाय आहे: वेळेचा तेवढा भाग, ज्याला एलसी टाइम म्हणतात, ब्रिटिश करायचा आणि आकडे-चलन भारतीय ठेवायचं. जमतं, पण त्यासाठी टर्मिनल उघडावं लागतं. केडीई या दुसऱ्या मांडणीच्या चौथ्या आवृत्तीत या सगळ्यासाठी अतिशय तपशीलवार खिडकी होती, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकासुद्धा. पाचवीत ते गेलं. तेव्हा या एका कारणासाठी घर बदलू नका. आणि एकाच संगणकावर दोन्ही ठेवलीत तर घड्याळ साडेपाच तासांनी सरकेल, कारण आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स तीच वेळ ग्रिनिचची समजून वाचतं. दुपारी बारा वाजता विंडोज बंद करून लिनक्स उघडलंत की संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. दोघांपैकी एकाला समजवावं लागतं. मी लिनक्सला समजवतो, सोपं पडतं.

राहता राहिली तिथी, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलावंसं वाटतं. बऱ्याच प्रणालींत कॅलेंडरच्या यादीत 'इंडियन' असतं. माणूस हौसेने ते निवडतो आणि गुढीपाडव्याला चैत्र प्रतिपदा दिसेल म्हणून बघतो, तर भलतंच. ती आपल्या पंचांगाची पद्धत नव्हे, ती भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली, तिच्यावर नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते. २२ मार्च १९५७ ला ही दिनदर्शिका अमलात आली, तो दिवस १ चैत्र १८७९. ती शुद्ध सौर आहे. साध्या वर्षी चैत्र ३० दिवसांचा आणि लीप वर्षी ३१ चा, पुढचे पाच महिने ३१ चे, बाकीचे ३० चे. संगणकाला हे फार आवडतं, कारण बेरीज-वजाबाकीत उरकतं. राजपत्रावर ती छापतात, घरात कुणी वापरत नाही. महिन्यांची नावं आणि शकाचा आकडा मात्र आपल्यासारखाच, म्हणून फसगत. २०२५ मध्ये राष्ट्रीय १ चैत्र २२ मार्चला होता, गुढीपाडवा ३० मार्चला. २०२४ मध्ये तर २१ मार्च आणि ९ एप्रिल, एकोणीस दिवसांचं अंतर.

खरी तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावर ठरते. बारा अंशांची एक तिथी. चंद्र कधी जलद, कधी मंद, त्यामुळे तिथी साधारण एकोणीस तासांपासून सव्वीस तासांपर्यंत कितीही. सूर्योदयाला जी चालू ती त्या दिवसाची. म्हणून कधी एकच तिथी दोन सूर्योदय पाहते, ती वृद्धी. कधी एकही पाहत नाही, ती क्षय. आणि सूर्योदय गावागणिक वेगळा. सांगलीची एकादशी आणि न्यू जर्सीतल्या तुमच्या भाच्याची एकादशी वेगळ्या दिवशी येऊ शकते, आणि दोघंही बरोबर. नुसत्या तारखेवरून तिथी काढता येत नाही, अक्षांश-रेखांश लागतात. त्यात अधिक महिना. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. पुन्हा टिळक पंचांगवाल्यांचं गणित थोडं वेगळं. विंडोजच्या टास्कबारवर जादा कॅलेंडर दाखवायची सोय आहे, तिच्यात फक्त चिनी चांद्र कॅलेंडर मिळतं, आपलं नाही. अॅपलने २०२५ मध्ये आपल्या प्रणालींच्या पायात मराठी, गुजराती, तमिळ अशी बरीच कॅलेंडरं घातली. ती प्रत्येक ॲपमध्ये झिरपायला वेळ लागेल.

तोवर उपाय एकच, तयार आयसीएस कॅलेंडर (सण-तिथींच्या नोंदींची फाइल) आउटलुकमध्ये किंवा गूगलमध्ये जोडून घेणं. जोडण्याआधी एक कसोटी लावा. गोकुळाष्टमी कुठल्या महिन्यात दाखवतंय ते बघा. श्रावण वद्य अष्टमी लिहिलं असेल तर अमान्त (महिना अमावास्येला संपवणारं), आपलं. भाद्रपद कृष्ण अष्टमी लिहिलं असेल तर पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपवणारं), उत्तरेकडचं; दिवस तोच, पण वद्य पक्षात महिन्याचं नाव एक घर पुढे. आपल्याकडे ते जोडलंत तर पितृपक्षाला आश्विन दिसेल आणि घरातली वडीलधारी माणसं तुमच्याकडे संशयाने बघतील. दुसरं, त्या नोंदी 'दिवसभर' या प्रकारच्या आहेत ना ते बघा. काही कॅलेंडरं रात्री बारा ते रात्री बारा अशी वेळ घालून नोंद करतात. परदेशातल्या संगणकावर ती सरकते आणि एक सण दोन दिवसांवर पसरतो. भाच्याच्या कॅलेंडरात आजीचा वाढदिवस आदल्या दिवशी दुपारी सुरू होत असेल तर कारण हेच. आणि संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ तिथून घेऊ नका. ती कुठल्या शहराची आहे हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

कारखान्यातल्या कारखान्यात फाइली फिरतात त्यांच्यासाठी मी सगळ्या ऑफिसांत एक नियम लावलाय. फाइलच्या नावात आणि सीएसव्हीत तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, २०२६-०४-०३, चार आकडी वर्षासकट आणि मधे आडव्या रेघा. ती कुठल्याही रीजनमध्ये उलटत नाही आणि नावाप्रमाणे लावली की आपोआप क्रमाने लागते. सुरुवातीला लोक कुरकुरतात की हे चिनी माणसासारखं दिसतं. पंधरा दिवसांत सवय होते. छापायचं बिल, पत्र, नोटीस यांवर मात्र आपलं नेहमीचं दिवस-महिना-वर्षच ठेवा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: ज्या सीएसव्हीतून तारखा आणल्या तिची मूळ प्रत जुन्या संगणकावर किंवा ईमेलमध्ये आहे का ते आज शोधा आणि बाजूला ठेवा. ती सापडेपर्यंत नव्या लॅपटॉपवरच्या एक्सेल फाइलमध्ये नव्या नोंदी करू नका, आणि सेटिंगलाही हात लावू नका. सापडली नाही तर कळवा, उजवी-डावी बघून ओळी वेगळ्या करायचं काम आपण फोनवरच करू. तासाभराचं आहे.